डाव्या बाहीची माया

रविवार, ११ जून.
सकाळचं दूध नासलं, दुसरं आणलं. शेजारच्या मुलीचे गणवेश शिवून झाले, काजं बाकी. मशीनचा पट्टा सैल झाला आहे, दुरुस्तीवाल्याला निरोप दिला. विहीणबाई खारूताईला पोहायला घेऊन गेल्या. ठरल्यापेक्षा उशिरा आणून सोडलं. पोरीचे केस ओले, नीट पुसलेले नव्हते. जाताना विहीणबाई म्हणाल्या, हिच्या हाताबद्दल बोलायचं आहे. सवडीने बोलू म्हटलं.

वहीत एवढंच होतं. ‘सवडीने बोलू’ का म्हटलं, ते शिवणआजींनी लिहिलं नाही. मनातलं त्यांच्या वहीत येतच नसे. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात एका सिस्टरने सगळ्या मुलींना रोज संध्याकाळी चार ओळी लिहायची सवय लावली होती आणि बजावलं होतं, काय वाटलं ते देवाला सांगा, काय झालं ते वहीत लिहा. शाळा सुटली, लग्न झालं, लेक झाली, नवरा गेला. ओळी चालू राहिल्या. दूध नासलं हे वहीत जाई. विहीणबाईंच्या स्कूटरचा आवाज जिन्याखाली आला की मशीन जोरात चालवून तो बुडवावासा वाटतो, हे देवाच्या वाट्याला.

शिवणआजी हे नाव नातीने ठेवलेलं. दोन आज्या म्हटल्यावर मुलांना ओळखीच्या खुणा लागतातच. आईची आई दिवसभर मशीनवर बसते म्हणून ती शिवणआजी. बाबांची आई पांढऱ्या केसांवर लाल हेल्मेट चढवून गावभर फिरते म्हणून ती स्कूटरआजी. नातीला मात्र दोघी खारूताईच म्हणत. जिथे चढू नये तिथे चढायची, जिथे बसू नये तिथे बसून काहीतरी कुरतडायची, दुसरं नाव शोभलंच नसतं.

खरं पाहिलं तर शिवणआजींना तक्रारीला जागा नव्हती. लेक प्रयोगशाळेत नोकरीला, जावई सदा फिरतीवर, त्यामुळे शाळा सुटली की खारूताई रोज शिवणआजींकडे येई. तिथेच खाणं, तिथेच अभ्यास, तिथेच मशीनच्या पायपट्टीशेजारी पालथं पडून चित्रं काढणं. स्कूटरआजींच्या वाट्याला फक्त रविवार. पण आठवडाभर पोरीच्या तोंडी तो एक रविवारच असे.

“स्कूटरआजीने मला दोन बोटांची शिट्टी शिकवली.”

“छान. आता गृहपाठ.”

“स्कूटरआजी म्हणते, पडल्याशिवाय सायकल येत नाही.”

“तिला म्हणावं, मी एकदा पडले आहे तेवढं पुरे आहे.”

ते पडणं खारूताई चार वर्षांची असतानाचं. शाळेच्या घसरगुंडीच्या शिडीवरून खाली आली ती डाव्या हातावर. कोपराच्या जरा वर हाड मोडलं. प्लास्टर झालं, हाड सांधलं, हात पुन्हा चालू लागला. घास घेई, लोंबकळे, शेजारच्या मुलाचे केसही ओढी. फक्त दोन्ही हात सरळ खाली सोडून उभी राहिली की उजवा हात रेघेसारखा, आणि डावा मात्र कोपराशी बाहेर झुकून पुन्हा अंगाकडे वळलेला. त्या वेळचे डॉक्टर म्हणाले, हात चालतोय ना, दिसायला थोडा असा राहील. घरच्यांनी मान डोलावली. शिवणआजींनी टेप काढली.

कुठल्याही मुलीच्या फ्रॉकला बाह्या बेतायच्या तर कागद एकच लागतो; एकदा सुलटा ठेवायचा, एकदा उलटा. खारूताईचे मात्र कागद दोन असत. उजव्या बाहीचा साधा. डाव्या बाहीचा, कोपरापाशी बाहेरच्या अंगाला फुगवटा दिलेला, मनगटाशी चुण्या घेऊन आत वळवलेला. त्याला मायाही जास्त सोडलेली. शिवणीच्या कडेला जे कापड आत दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. अंग वाढलं की तीच सोडवून कपडा मोठा करता येतो. दर वर्षी पोर वाढे आणि दर वर्षी शिवणआजी नवे दोन कागद कापत. झगा घालून खारूताई उभी राहिली की हात वाकडा आहे हे सांगूनही कुणाला पटत नसे. बायका विचारत, कुठे हो? शिवणआजी दात दोऱ्यावर ठेवून दोरा तोडत. त्या क्षणी त्यांना जे वाटे ते देवालाही सांगण्यासारखं नव्हतं.

पोहायला जाताना बाह्या घालत नाहीत, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीकडे बैठक बसली. लेकीच्या तोंडी दोन आया होत्या, एक ‘अगं आई’ आणि एक ‘अहो आई’, आणि त्या दोघी एका टेबलाशी आल्या की तिचा चेहरा चौकात उभ्या असलेल्या वाहतूक हवालदारासारखा होई.

“सगळ्या पोरी पाण्यात धपाधप उड्या मारत होत्या,” विहीणबाई म्हणाल्या, “आणि ही टॉवेल गुंडाळून काठावर बसलेली. म्हटलं, थंडी वाजते का? तर मान हलवली. मग टॉवेल काढला तेव्हा मी नीट पाहिलं. इतका वाकडा आहे मला ठाऊकच नव्हतं हो. म्हणून मी एका हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. ऑपरेशनने सरळ होतो म्हणाले.”

“विचारूनही झालं?” शिवणआजी म्हणाल्या.

“नुसतं विचारलं, विहीणबाई. कापला नाही अजून.”

“चालता हात आहे. चालत्या हाताची कापाकापी कशाला? मी शिवते तोवर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.”

“तुमच्या हाताला जादू आहे, कोण नाही म्हणतंय? पण पोरीने काय आयुष्यभर बाह्यांतच राहायचं?”

“रविवारी एक दिवस सांभाळणाऱ्यांना आयुष्यभराचं बरं सुचतं.”

“सातही दिवस सांभाळीन, द्या तर खरं!”

“अगं आई, थांब,” लेक म्हणाली. “आणि अहो आई, तुम्हीही.”

चहा निवत ठेवून शिवणआजी घरी परतल्या. वाटेत त्यांनी स्वतःला शंभरदा बजावलं की आपल्याला भूल देण्याची भीती वाटते, सुरीची भीती वाटते. भीती वाटत होतीच. पण तिच्याखाली एक दुसरी गोष्ट टाचणीसारखी टोचत होती. पाच वर्षं त्या हाताचं माप त्यांच्या बोटांत होतं. त्या हाताबद्दल पहिल्यांदा कुणी नवीन काही बोललं, आणि ते बोलणारी व्यक्ती लाल हेल्मेटवाली असावी?

डॉक्टरांकडे सगळ्याच गेल्या. लेक, नात आणि शिवणआजी बसने, विहीणबाई स्कूटरने. बस आधी पोहोचली. स्कूटर लावायला जागा मिळेना, त्यामुळे विहीणबाई मागे राहिल्या, आणि शिवणआजींना आत जाताना हलकं वाटलं. पण खारूताई खुर्चीत बसल्यापासून दाराकडेच बघत होती.

“स्कूटरआजी आली का गं?”

“येईल. इकडे लक्ष दे.”

डॉक्टर जाडजूड, बोटं मात्र कशिदा काढणाऱ्याची शोभावीत अशी लांब. त्यांनी दोन्ही हातांचे फोटो उजेडाच्या पाटीवर शेजारी शेजारी लावले. उजव्या हाताला हाड कसं जातं, डाव्याला कसं वळलंय, ते पेन्सिलीने दाखवलं.

“बाहेरच्या अंगाने, कोपराच्या जरा वर, हाडाची एक पाचर काढायची. बाहेरची कड रुंद, आतलं टोक निमुळतं. मग दोन्ही कडा जुळवून आणायच्या, की खालचा हात सरळ रेषेत येतो.”

“टक्स,” शिवणआजी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं.

“आई शिवणकाम करते. कापडात त्रिकोणी चिमूट घेऊन शिवतात ना, त्याला म्हणतात.”

“हां! मग टक्सच. फक्त दोऱ्याऐवजी तारा घालतो, आणि हाड सांधेपर्यंत प्लास्टर.” डॉक्टर हसले. “आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. कडा जुळवल्या की बाहेरच्या बाजूला थोडा उंचवटा राहतो. व्रणही राहील. नंतर म्हणू नका, हे काय.”

“टक्सच्या टोकाशी राहतोच. आम्ही त्यावर इस्त्री फिरवतो.”

“आम्हाला तेवढी सोय नाही हो.”

मग ते गंभीर झाले. जवळून नस जाते, तिला जपावं लागतं. प्लास्टर निघाल्यावर कोपर काही काळ आखडलेलं राहतं. हात आजही चालतो आहे, तेव्हा घाई कसलीच नाही. “म्हणजे मुख्य प्रश्न हिला हवंय का हा आहे,” म्हणत त्यांनी खुर्ची खारूताईकडे वळवली. “काय बाईसाहेब? हा हात आहे तसा चालेल, की सरळ करायचा?”

खारूताईने पुन्हा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “शाळेत मला बंदूक म्हणतात.”

डॉक्टरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“हात असा दिसतो ना, बंदुकीच्या दांड्यासारखा. कवायतीला दोन्ही हात पुढे केले की मागची मुलं ठो ठो करतात.”

“कधीपासून?” लेकीने विचारलं.

“खूप दिवस झाले. फक्त स्कूटरआजीला सांगितलं, त्या दिवशी तलावावर.”

नेमक्या त्याच वेळी दार उघडून स्कूटरआजी धापा टाकत आत आल्या, काखेत हेल्मेट. “मेल्यांनी स्कूटर लावायच्या जागी सगळीकडे दोऱ्या बांधून ठेवल्यात. काय झालं? सगळे माझ्याकडे असे का बघताय?”

बाहेर व्हरांड्यात लेक तारीख घेत होती, तेवढ्यात शिवणआजींनी नातीला भिंतीशी गाठलं. “मला का नाही सांगितलंस?”

खारूताई बुटाने फरशी घासत राहिली.

“रोज माझ्याकडे येतेस. रोज विचारते, शाळेत काय झालं. तिला सांगितलंस आणि मला नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू आणखी लांब बाही शिवली असतीस.”

पोरीच्या आवाजात राग नव्हता. जे आहे ते सांगितलं, वहीत लिहावं तसं. शिवणआजींनी तिची बट कानामागे सारली आणि त्या पाणी प्यायला गेल्या. तहान नव्हती.

त्यानंतर ऑपरेशनबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. भांडण उरलं ते वेगळंच. प्लास्टर असेतो शाळा बंद, लेकीला रजा थोडी, मग दिवसभर पोर राहणार कुणाकडे?

“माझ्याकडे,” विहीणबाई म्हणाल्या. “दवाखाना हाकेवर, घराला लिफ्ट.”

“तिला सवय माझ्या घराची आहे.”

“घराची आहे, पण तिथे पाऊल टाकावं तिथे टाचणी.”

“माझ्या घरातली टाचणी पाच वर्षांत तिला टोचली नाही. तुमच्याबरोबर एकदा गेली तर गुडघा फोडून आली.”

हे सगळं खारूताईसमोर चाललं होतं. बोलता बोलता दोघींचा आवाज चढत होता, आणि दोघींनाही आतून पुरतं ठाऊक होतं की यात जी जिंकेल तिच्या घराचा पोरीला लळा लागेल, आणि मग तो सुटणार नाही. शाळेनंतरची वाटही बदलेल. शिवणआजींच्या डोळ्यांपुढे मशीनशेजारची रिकामी चटई आली.

“मी आपल्या घरी राहणार,” खारूताई म्हणाली. “माझ्या पलंगावर. तुम्ही या. हवं तर पाळी लावा.”

पाळी लावायला दोघी तयार होत्या. पण आपली पाळी नसेल त्या दिवशी घरी बसायला एकही तयार नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी दोघी एकाच बाकावर बसल्या, मध्ये एक हेल्मेट आणि एक कापडी पिशवी. पिशवीत तीन सदरे होते. प्लास्टर झाल्यावर घालायला शिवणआजींनी रात्री जागून नव्हे, चांगले दिवसाउजेडी, मन लावून शिवलेले; पुढून उघडे, छातीशी बंद, मऊ कापड, एकही शिवण अंगाला टोचणार नाही असे. विहीणबाईंनी पिशवीत डोकावलं आणि “काय देखणे आहेत हो!” म्हणाल्या. शिवणआजींनी पिशवी आपल्या बाजूला ओढून घेतली.

डॉक्टर बाहेर आले, चांगलं झालं म्हणाले. जाग आल्यावर आत सोडलं तेव्हा नर्स पलंगाशी वाकून म्हणत होती, “अंगठा वर करून दाखव बघू.” प्लास्टरच्या टोकातून एक बारकासा अंगठा वर झाला. नस शाबूत असल्याची ती खूण. लेक रडली. दोन्ही आज्यांनी एकदमच तो अंगठा धरायला हात पुढे केला, आणि विहीणबाईंचा हात लांब असल्याने तो आधी पोहोचला.

घरी आणल्यावर शिवणआजींनी पहिला सदरा काढला. उजवा हात गेला. डाव्या बाजूला आल्यावर त्या थबकल्या.

प्लास्टर कोपरात काटकोनात वाकलेलं होतं. आत कापूस, वर पट्ट्या, उशीएवढी जाडी. आणि सदऱ्याची डावी बाही सरळ होती, नळीसारखी. खारूताईच्या कपड्यांना पाच वर्षं दोन कागद कापणाऱ्या बाईने या वेळी पहिल्यांदा एकच कागद वापरला होता. हात सरळ होणार, सरळ होणार, असं सगळे म्हणत होते. हट्टाला पेटून त्यांनी दोन्ही बाह्या उजव्या कागदावर बेतल्या होत्या. प्लास्टरचा विचारच डोक्यात आला नव्हता. मुंढ्यातून, म्हणजे बाही जोडतात त्या गोलातूनही, ते कोपर आत जाईना. दुसरा सदरा तसाच. तिसराही.

“माया सोडवून बघते,” त्या पुटपुटल्या. पण तितकी माया कुठल्याच कापडात नसते.

पोरीला थंडी वाजत होती. विहीणबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आपल्या मुलाचा जुना ढगळ टी-शर्ट घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरातली कात्री, ज्या कात्रीने दुधाच्या पिशव्या कापतात ती कात्री, घेऊन डावी बाही खांद्यापासून कचाकचा कापून टाकली. शिवाय बगलेखाली आणखी एक काप दिला. सगळं वेडंवाकडं. कडेला धागे लोंबताहेत. डोक्यातून घातला, बसला.

“मस्त!” खारूताई म्हणाली. “मी समुद्री चाच्यासारखी दिसते.”

शिवणआजींनी तिन्ही सदरे घडी करून पिशवीत ठेवले. घडी फार नीट घातली.

पुढचे आठवडे खारूताई त्या लक्तरात राहिली. धुवायला घेतला की वाळेपर्यंत चादर पांघरून बसे, दुसरं काही घालायला तयार नसे. शिवणआजींनी सैल बाहीचा नवा सदरा बेतून आणला, चुंबकाची बटणंही लावली. खारूताईने तो पाहुण्यांसमोर घातला आणि पाहुणे जिना उतरायच्या आत काढला. दोघी आज्या रोज येत. एकीने सफरचंद चिरलं की दुसरी मोसंबं सोले. एकीने गोष्ट सांगितली की दुसरीला तिच्यात चूक सापडे. पत्ते खेळताना खारूताई एका हाताने पान टाकी आणि दोघींची भांडणं मजेत ऐके.

“विहीणबाई, राणी लपवलीत तुम्ही.”

“लपवण्यात तुमचा हात कोण धरणार?”

हे बोलून विहीणबाईंनी जीभ चावली. शिवणआजींनी पान टाकलं आणि डाव जिंकला.

एका दुपारी खारूताई झोपली, तिच्या पायाशी विहीणबाईही घोरू लागल्या. टी-शर्ट दोरीवरून वाळून आला होता. शिवणआजींनी तो मांडीवर घेतला. ते लोंबते धागे त्यांना इतके दिवस डोळ्यांत सलत होते. त्यांनी सुईत दोरा ओवला, कड बारीक दुमडली आणि मुंढ्याभोवती तुरपाई घातली. काय टाके! बाहेरून एकही दिसेना. वसतिगृहातली सिस्टर असती तर बोटाने चाचपून ‘हं’ म्हणाली असती. कड गोल, सुबक झाली. लक्तराचा कपडा झाला, त्यांच्या हातचा.

“झालं मनासारखं?”

विहीणबाई जाग्या होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

“धागे निघत होते,” शिवणआजी म्हणाल्या. “किती दिवस टिकला असता?”

“टिकायचा कशाला होता?” विहीणबाई उठून बसल्या. पोर जागी होऊ नये म्हणून हळू बोलत होत्या, आणि हळू बोलण्याची सवय नसल्याने आवाज चिरकत होता. “जन्मल्यापासून तिच्या अंगावर तुमचं शिवण आहे. झबली तुमची, फ्रॉक तुमचे, गणवेश तुमचे. रविवारी माझ्याकडे येते तीही तुमच्याच बाह्या घालून. मिठी मारली तर माझ्या हाताला आधी लागतात त्या तुमच्या चुण्या. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, विहीणबाई. हे एवढं एक फडकं माझं होतं. तेवढं तरी राहू द्यायचं होतंत.”

शिवणआजींना वाटायचं की मत्सर म्हणजे आपल्याच घरातली वस्तू. दुसऱ्याही घरात तोच, त्याच मापाचा निघावा, याचं त्यांना नवल वाटलं, आणि खोटं कशाला, थोडंसं बरंही वाटलं. या बाईलाही टाचणी टोचते तर!

“तुम्ही नुसतं कापता,” त्या म्हणाल्या. “माया ठेवतच नाही.”

“तुमची माया आत दुमडलेली. माझी ही अशी, बाहेर लोंबते. दिसू दे की जरा.”

शिवणआजींनी टी-शर्ट उजेडाकडे वळवला. मग त्यांनी पिशवीतून बारकी कात्री काढली आणि आपणच घातलेली तुरपाई उसवायला घेतली. टाका टाका करून, कापडाला ओरखडा न येऊ देता. शेवटी कड झटकली. चार धागे सुटले, पण पूर्वीसारखे लोंबेनात. तेव्हा त्यांनी नखाने आणखी दोन ओढून बाहेर काढले.

“हं,” त्या म्हणाल्या. “घ्या तुमचं फडकं.”

खारूताई उठल्यावर तिला काही कळलं नाही. तिने टी-शर्ट घातला आणि बिस्किटं मागितली.

प्लास्टर आणि तारा निघाल्या त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत दोघी होत्या. हात बारीक झालेला, कातडी कोरडी, कोपर पुरतं उघडत नव्हतं. ते उघडायला महिने लागतील, म्हणाले डॉक्टर. दुखेल इतकं ओढायचं नाही, खेळू द्या, पोहू द्या. पण जितका उघडला तितका हात सरळ होता. लेकीने दोन्ही हात शेजारी धरून पाहिले आणि ओठ दाबले. विहीणबाई मात्र वाकून कोपराच्या बाहेरच्या बाजूकडे बघत होत्या. व्रणाखाली एक टेंगूळ होतं.

“अहो डॉक्टर, हे काय राहिलं? एवढं सगळं करून हे वर आलंच ना!” त्यांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे झालं हे. मीच मागे लागले होते.”

पहिल्या भेटीत विहीणबाईंना स्कूटर लावायला जागा मिळाली नव्हती, हे शिवणआजींना आठवलं. ‘माझ्यामुळे झालं’ हे वाक्य ऐकण्यासाठी त्यांनी पूर्वी काय काय दिलं असतं. आता ते समोर आलं, अगदी हातात आणून दिल्यासारखं.

“टक्सचं टोक आहे ते,” त्या म्हणाल्या. “राहतंच. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तुम्ही बाहेर होतात. काम उत्तम झालंय. उगाच हाताला नाव ठेवू नका.”

डॉक्टरांनी मान हलवली. विहीणबाईंनी नाक पुसलं. “टक्स म्हणजे काय?”

“शिकवीन कधीतरी. आधी दोरा ओवायला शिका.”

घरी जाताना खारूताई म्हणाली, “शिवणआजी, मला एक फ्रॉक हवा. बाह्या नको.”

“अर्ध्या बाहीचा?”

“बाह्याच नको.”

शिवणआजींनी आजवर अनेक मुलींचे बिनबाहीचे फ्रॉक शिवले होते. हिचा पहिलाच. त्या संध्याकाळी त्यांनी निळं कापड पसरलं, खडू हातात घेतला, आणि कागदांच्या गुंडाळीतून सवयीने डाव्या बाहीचा कागद बाहेर काढला. मग गुंडाळीच उलगडली. दर वर्षीचे डाव्या बाहीचे कागद एकावर एक, फुगवटा वर्षागणिक मोठा होत गेलेला. त्यांनी ते सगळे बाजूला काढून ठेवले आणि नुसता मुंढा बेतला. सुटसुटीत गोल काप. हात लवकर थांबला. पुढे कापायला काही नव्हतंच.

रविवारी खारूताईने हट्ट धरला, शिवणआजीनेही तलावावर यायचं. विहीणबाई स्कूटरवर मागे बसायचा आग्रह करत होत्या. शिवणआजी बसने गेल्या. काठावर ओली फरशी, क्लोरीनचा वास, पोरांचा कलकलाट. निळा फ्रॉक काढून खारूताईने शिवणआजींच्या मांडीवर टाकला, टॉवेल स्कूटरआजींच्या खांद्यावर. दोघी सरसावून बसल्या. आता ती वळून कुणाकडे बघेल, याचा अंदाज दोघीही बांधत होत्या.

ती कुणाकडेच वळली नाही. पाण्यातून एका मुलीने हाक मारली, “ए, येतेस का!” आणि खारूताई दोन्ही हात वर करून, एक सरळ आणि एक अजून थोडा आखडलेला, धावत गेली आणि धपकन पाण्यात पडली. वर आली ती त्या मुलीला भिजवतच. मग दोघी पलीकडच्या काठाकडे निघाल्या.

“ही कोण?” शिवणआजींनी विचारलं.

“नवीन दिसते,” विहीणबाई म्हणाल्या. “आल्यापासून हिच्याच मागे आहे.”

“जरा आगाऊच वाटते.”

“मलाही तसंच वाटलं.”

दोघींनी त्या मुलीकडे बराच वेळ रोखून पाहिलं. एकीच्या मांडीवर फ्रॉक, एकीच्या खांद्यावर कोरडा टॉवेल. ऊन सरकत पायाशी आलं तशा दोघी बाकावर एका बाजूला सरकल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर शिवणआजींनी स्टुलावर चढून स्वयंपाकघरातली वरची फळी रिकामी केली, पुसली, डबे पुन्हा लावले. मग वही उघडली आणि तारखेखाली लिहिलं:

वरच्या फळीचे जुने कागद काढले. डाव्या बाहीचे होते ते अंथरले, बरोबर पुरले.